‘बरं हाय’ म्हणायचं न्हाई

आमच्या भुलीच्या डॉक्टरांना ‘बरं हाय’ हे शब्द मुळीच खपत न्हाईत. टेबलावरचा पेशंट तसं म्हणाला की रेवणप्पा डॉक्टर सुई हातातच थांबवतात. "बरं हाय तर इथं कामून आलात? दुसरं काहीतरी बोला."

मग पेशंटनं बोलायचं. पिकाचं, सासूचं, सोयरिकीचं, काहीही. डॉक्टर औषध थोडं सोडणार, सुईत रक्त येतंय का बघणार, पुन्हा थोडं सोडणार. आमच्या चिटगुप्पा गावातली निम्मी भांडणं मला ऑपरेशनच्या खोलीतच कळली. मी तिथली नर्स, स्वभावानं तापट. घड्याळाकडं बघून दात खायची. डॉक्टर ढिम्म. बधिर करायचं औषध चुकून रक्तात उतरलं तर थेट काळजाला धरतं, पण त्याआधी बहुतेकदा माणसाचं तोंड सांगतं, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं. वर पुन्हा, "आपली माणसं मरेस्तोवर बरं हाय म्हणतेत."

गेल्या उन्हाळ्यात मुडबीच्या शांताक्का हात मोडून आल्या. हात बधिर करायला डॉक्टरांनी खांद्यापाशी सुई लावली आणि गव्हाची खीर, हुग्गी, कशी करता म्हणून विचारलं. अक्का गहू भिजवण्यापासून सुरू झाल्या, गुळापर्यंत आल्या आणि गप्प बसल्या. विसरल्या असतील, उरलेलं औषध सोडून टाका, असं मी म्हणाले. डॉक्टरांनी सुई काढूनच घेतली.

"अक्का, काय व्हायलंय?"

"बरं हाय, साहेब."

"खरं सांगा."

"तोंडात तांब्याची चव यायलीय. कान वाजायलेत. तुमाला उगी तरास कशाला."

तेवढ्यात मॉनिटरवरचे ठोके मंदावले, वेडेवाकडे पडायला लागले. बीपी घसरलं. डॉक्टरांचा आवाज जराही चढला न्हाई. ऑक्सिजन लावून त्यांनी कपाटातली दुधासारखी पांढरी बाटली मागितली. तेलापासून केलेलं ते औषध रक्तातली भूल ओढून घेतं. डॉक्टरांनी ते दवाखान्याशी भांडून ठेवायला लावलं होतं, आणि कधी लागत न्हाई म्हणून दर साफसफाईला मीच ते बाहेर काढायला निघायची. बाटली शिरेतून सुरू झाली, आणि हळूहळू ठोके सरळ आले. सर्जननं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं.

दुपारी डॉक्टर डबा घेऊन अक्कांच्या खाटेपाशी बसलेले दिसले. आता खरंच बरं वाटतंय, घरी जाऊन जेवा, असं अक्का सांगत होत्या.

"बायको वारल्यापासून घरात कुणी बोलत न्हाई, अक्का," डॉक्टर म्हणाले. "तुमी बोला. मी जेवतो."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला ‘लवकर आवरा’ याच्यापलीकडं काही बोलले नव्हते. मी आत जाऊन माझा डबा घेऊन आले.