सोरा बेटाच्या बोटीची पाणसळ

सोरा बेटाहून स्कॉटलंडच्या मुख्य भूमीला जाणारी बोट प्रवाशांच्या वजनाने कलत नाही, राष्ट्रीयत्वाने कलते. ज्यांना आपण आधी स्कॉटिश आहोत असं वाटतं, ते डावीकडच्या बाकांवर बसतात. ज्यांना आधी ब्रिटिश आहोत असं वाटतं, ते उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की बोट सुटते. मेंढ्या, ट्रॅक्टर आणि खेकड्यांच्या पेट्या कुठेही ठेवल्या तरी चालतात.

बाजू लावायचं काम बावीस वर्षं हेक्टर मॅकफेल करत होता. बोटीच्या मधोमध एक पांढरी रेघ, रेघेवर खांब आणि खांबावर गवंड्याकडे असते तशी पितळी पाणसळ. तिकीट देताना हेक्टर प्रत्येकाला विचारायचा, "आज कसं काय?" आणि लोक आपला आकडा सांगायचे. शाळेच्या बाई एरवी साठ टक्के स्कॉटिश. लंडनला अंदाजपत्रक मांडलं गेलं की आठवडाभर नव्वद. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, कारण पाणसळीतला बुडबुडा लगेच चहाडी करायचा. सगळी सोंगं आणता येतात, पण त्या बोटीवर हे एक सोंग आणता येत नाही.

हेक्टर स्वतः बरोबर पन्नास-पन्नास होता. दर एप्रिलात बोटकचेरीतून माणूस येऊन त्याला तपासायचा आणि दाखला देऊन जायचा. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला आपल्याकडे नावं ठेवतात. सोरा बेटावर त्याला पगार आणि गणवेश मिळतो. हेक्टर दिवसभर पांढऱ्या रेघेवर उभा असे आणि त्याला त्याचा अभिमान होता.

त्याची आई एफी मात्र एकोणचाळीस वर्षं बोटीत चढली नव्हती. तिचा नवरा रॉडरिक ब्रिटिश नौदलात खलाशी होता आणि दूर दक्षिणेच्या समुद्रात त्याचं जहाज बुडालं. वर मुकुट छापलेली तार आली. महिनाभराने एफी काही कामासाठी बोटीत बसली, तर बोट डावीकडे इतकी कलली की पाद्रीबाबांची टोपी आणि खेकड्यांच्या अकरा पेट्या समुद्रात गेल्या. त्यानंतर कचेरीने तिला लेखी कळवलं की आपण कृपया बेटावरच राहावं. तिनेही हरकत घेतली नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी तिचं पित्ताशय सुजलं. बेटाच्या डॉक्टर शाल्मली रेगे यांनी पोट तपासलं आणि दुपारच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे, नाहीतर आशा धरू नका, असं हेक्टरला बाजूला घेऊन सांगितलं. धुकं असल्याने हेलिकॉप्टर येणार नव्हतं. राहिली बोट. हेक्टरने गणवेशाची बटणं नीट लावली.

नेमका दुसऱ्या दिवशी एडिंबराला इंग्लंडविरुद्ध रग्बीचा सामना होता. तो पाहायला निघालेले चौदा जण तोंडं निळी-पांढरी रंगवून आधीच डावीकडे बसले होते. एफीचं स्ट्रेचर आणलं तसे ते आपणहून उतरून धक्क्यावर उभे राहिले. तरी बोट कललेलीच राहिली. एफी एकटीच पुरेशी होती. आता उजवीकडे कोणीतरी बसायला हवं होतं, आणि त्या दिवशी बेटावर उजवीकडचं असं एकच माणूस होतं. डॉक्टर रेगेंना तीन महिन्यांपूर्वी नागरिकत्व मिळालं होतं, आणि नव्या कागदाला वजन असतं. थोडक्यात, सोरा बेटावरचं त्या घडीचं सर्वांत ब्रिटिश माणूस सांगलीचं होतं.

डॉक्टरांना पेशंटजवळ बसायचं होतं. हेक्टरने नियम समजावून सांगितला. त्या उजवीकडे जाऊन बसल्या आणि तिथूनच एफीच्या चेहऱ्यावर नजर ठेवू लागल्या. बुडबुडा केसभर हलला.

मग हेक्टरने धक्क्यावरच्या चौदा जणांना परत बोलावलं आणि ज्याला जमेल त्याने उजवीकडे बसून पाहावं, अशी विनंती केली. त्यांनी रुमालांनी तोंडं पुसली. लोहार गिलीसने उत्साहाच्या भरात उभं राहून ब्रिटिश राष्ट्रगीत पहिल्या कडव्यापासून म्हटलं, तर बोट आणखी डावीकडे गेली. हेक्टरने त्याला खाली बसवलं आणि सांगितलं की नुसतं म्हणून चालत नाही, वाटावं लागतं. थोड्या वेळाने गिलीसला लीड्सला दिलेली बहीण आठवली आणि तिची दोन मुलं आठवली, जी त्याला फोनवर इंग्लंडच्या हेलात मामा म्हणायची. बुडबुडा मध्याकडे सरकला. पोस्टातून निवृत्त झालेल्या मिस बेटन यांना रेडिओवरचा समुद्राच्या हवामानाचा अंदाज आठवला. त्यात सगळ्या किनाऱ्यांची नावं एका दमात येतात आणि त्या लहानपणापासून ती ऐकत झोपत. आणखी कोणाला इस्पितळातली वेल्सची नर्स आठवली, कोणाला लष्करातला मित्र. चौदाही जण उजवीकडे गंभीर चेहऱ्याने आठवत बसले होते. आणि बुडबुडा पाणसळीच्या काचेवरच्या मधल्या दोन रेघांपैकी एकीपाशी येऊन अडला.

घड्याळात दहा वाजून चाळीस झाले होते. एफीने डोळे मिटून घेतले होते आणि ती दातांवर दात रोवून कण्हत होती. डॉक्टरांनी हेक्टरकडे पाहून आता थांबता येणार नाही अशी मान हलवली.

पांढरी रेघ सोडली तर दाखला रद्द होतो, हे हेक्टरला तोंडपाठ होतं. त्याने टोपी काढून खांबावर ठेवली, उजवीकडे गेला आणि बसला. त्याने वडील आठवले. सगळ्यांनी पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा हलला नाही. हेक्टर उठून डावीकडे गेला, तरी हलला नाही. पन्नास-पन्नास माणसाचं वजन कुठल्याच बाजूला पडत नाही. ही गोष्ट नियमात लिहिलेली नव्हती, पण खरी निघाली. बावीस वर्षांत त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं. तो पुन्हा रेघेवर येऊन उभा राहिला, कारण दुसरीकडे उभं राहण्यात काही फायदा नव्हता.

एफीने डोळे उघडले. मुलाचं हे येणंजाणं तिने ऐकलं असावं.

"तिकडे बसून काय आठवलंस?" तिने विचारलं.

"बाबांची पांढरी टोपी," हेक्टर म्हणाला. "सुट्टीवर आले की धक्क्यावरून घरापर्यंत माझ्या डोक्यावर असायची. तू चुलीत घातलीस ती."

एफीने मान त्याच्याकडे वळवली.

"घातली नाही," ती म्हणाली. "माझ्या पलंगाखाली पेटीत आहे."

"तू घातली म्हणालीस."

"म्हणाले. दर रविवारी तुम्ही प्रार्थनेला गेलात की ब्रश मारते. पांढऱ्यावर डाग लवकर पडतो."

बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला. हेक्टरने तो नियमाप्रमाणे तीन वेळा पाहिला आणि दोर सोडायला सांगितला. वहीत त्याने लिहिलं: दहा बावन्न, धुकं, बाजू सारख्या. आपण रेघ सोडली होती हेही त्याने लिहिलं. कचेरीने नंतर चौकशी केली आणि बुडबुडा हलला नव्हता, तेव्हा रेघ सोडल्याचा पुरावा नाही, असा निर्णय दिला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन आठवड्यांनी एफी परतीच्या बोटीसाठी काठी टेकत धक्क्यावर आली. बोटीत इतर कोणीच प्रवासी नव्हतं. हेक्टर तिकिटांचा गठ्ठा घेऊन उभा होता.

"आज कसं काय, आई?"

"शंभर," एफी म्हणाली. "स्कॉटिश. दुसरं काय असणार?"

मग तिने पाकीट उघडलं आणि दोन तिकिटं मागितली. एक डावीकडचं आणि एक उजवीकडचं.

"उजवीकडचं खिडकीजवळचं दे. तुझ्या बाबांना खिडकी लागते."

हेक्टरने दोन्ही तिकिटं फाडून दिली. एफी डावीकडे आपल्या जागी बसली आणि समोरच्या बाकावर दुसरं तिकीट ठेवून त्यावर आपला हातमोजा ठेवला, म्हणजे वाऱ्याने उडू नये. हेक्टरने पाणसळ पाहिली. मग वहीत प्रवासी दोन असं लिहिलं, आणि बोट वेळेवर सुटली.