फाटकाशी अडलेले सभ्य ट्रक

"रांगेची पद्धत? अगदीच बाळबोध!" इंजिनिअरने ताईला ऐकवलं. "त्यात कॉम्प्युटरवरचा प्रत्येक ट्रक गुमान नंबर लावतो, काँक्रीट ओततो, जातो. मी माझ्या ट्रकना डोकं देणार. ज्याचं त्याला स्वतंत्र!"

"आधी स्वतःला घे थोडं," ताई म्हणाली. "दूध उतू गेलं."

इमारतीच्या कामावर फाटक एकच. स्लॅबच्या दिवशी ट्रक तिथे अडकत आणि पोटातलं काँक्रीट घट्ट होऊ लागे. दुसरं फाटक हवं, हे सांगून सांगून इंजिनिअरच्या घशाला कोरड पडली होती. शेवटी मोठे साहेब वैतागले. "कॉम्प्युटरवर काम चालवून दाखव! पटलं तर फाटक. नाही तर तू गोदामात, सिमेंटच्या गोण्यांशी गप्पा मारत!"

आता डोकं द्यायचं म्हणजे स्वभाव द्यायचा. कुणाचा? हाताशी होता तोच त्याने दिला. स्वतःचा!

नियम: समोर कोणी दिसलं, तर त्याला आधी जाऊ द्यावं.

पहिली धाव

साहेब, मुकादम आणि चहा हजर.

पडद्यावर एक भरलेला ट्रक आत निघाला, एक रिकामा बाहेर. दोघे फाटकाशी थांबले. थांबले. थांबलेच! मागे, दवाखान्याच्या दाराशी चपला साठाव्यात तसे ट्रक साठले.

"बंद पडलं का रे?"

"नाही साहेब. ते... एकमेकांना आधी जाऊ देतायत."

मुकादमाला चहाचा ठसका लागला. "असे ड्रायव्हर मिळाले तर पाय धरीन त्यांचे!"

इंजिनिअरच्या डोळ्यांपुढे गोण्या नाचू लागल्या. दुसरा स्वभाव हवा, आत्ताच्या आत्ता! त्याला ताई आठवली. तिकिटाच्या खिडकीशी ताई पोचली की गर्दी आपोआप दुभंगते.

नियम: समोर कोणी दिसलं, तर कोपर मारावं.

दुसरी धाव

दोन्ही ट्रक एकदम फाटकात घुसले आणि बाटलीत बूच बसावं तसे बसले.

"हे मात्र ओळखीचं वाटतंय," मुकादम पुढे सरकला. "गेल्या स्लॅबला अस्संच झालं होतं!"

"म्हणजे सभ्य असोत की आगाऊ, अडतात ते अडतातच?" साहेबांनी चष्मा पुसला. "नेहमीच्या रांगेच्या पद्धतीत हे दिसलं असतं?"

"नसतं, साहेब. त्यात सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात."

"आपल्या फाटकाशी रांग!" मुकादम खो खो हसत सुटला.

"दुसरं फाटक लाव बघू," साहेब म्हणाले.

तिसरी धाव

स्वभाव ताईचाच. पण एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. स्लॅब पुरा झाला तेव्हा साहेबांचा चहा अजून कोमट होता!

"फाटक मंजूर! आणि गोण्यांना सांग, तू येत नाहीस."

चौथी धाव (कॉम्प्युटर बंद)

मीटिंगच्या खोलीला दार एकच.

"आधी साहेब."

"छे! आजचा मान तुझा."

"मग मुकादम. तुम्ही वयाने मोठे."

"साहेबांच्या आधी? भलतंच काय!"

तिघेही उभे. तेवढ्यात ताईचा फोन.

"निघालास का रे?"

"केव्हाच! दारात आहे."

"कोणाच्या?"

"...मीटिंगच्या."

"मार की कोपर!"