टॉवेल खाली ठेवा

आमच्या गावाला पाणी टँकरनं यायचं. घागरींच्या रांगेत उभी राहून मी पाढे पाठ केले आणि घराण्यातली पहिली पदवीधर झाले. इंजिनिअर होऊन जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात आले. हे मी ताठ मानेनं सांगते. पोहता मात्र येत नव्हतं. कुठून येणार? बुडायला तरी पाणी लागतं!

हे कारण आमच्या ऑफिसातल्या शेंडेकाकांना पटलं नाही. त्यांना कुठलंच पटत नाही. शनिवारी पोहण्याच्या तलावावर कुणी मराठी आईबाप पोरांचे टॉवेल मांडीवर घेऊन बाकावर बसलेले दिसले, की हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ पोहण्याच्या चड्डीत, पाणी निथळत समोर येऊन उभा राहतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. "टॉवेल खाली ठेवा!"

चड्डीवर समुद्रघोड्याचा कापडी बिल्ला शिवलेला. जर्मनीत लहान मुलं पोहायला शिकली की त्यांना हा बिल्ला मिळतो. काकांनी तो पहिलीतल्या पोरांबरोबर रांगेत उभं राहून मिळवला. दुसरा ऑफिसच्या जाकिटावर आहे. साहेबानं विचारलं, "हे काय?"

"माझी डॉक्टरेट," काका म्हणाले.

नोकरीत त्यांचं काम गाडीतल्या कप होल्डरचं. "इतकी वर्षं पाणी सांडू नये याचा पगार खाल्ला," ते म्हणतात, "आणि माझं खरं काम निघालं माणसं पाण्यात ढकलायचं. गेनाऊ! अगदी बरोबर! उशिरा कळलं, पण कळलं ना?"

त्यांची नजर माझ्यावर पडली ती माझ्या ईरामुळं. ती सहा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. त्या दिवशी पाण्यातून ओरडत होती, "मामा, कोम राईन!" आई, आत ये. मी बाकावरून हसून हात हलवत होते.

"हात पाण्यात हलवायचे असतात, सविताताई," काका कडाडले. "टॉवेल खाली ठेवा."

"काका, मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते, अजून. पण ते मी पाण्याला सांगत नाही."

मग हिवाळाभर शनिवार. नाकातोंडात पाणी जाऊन मी खोकले की, "वा! ओळख झाली." मी भिंत सोडेना की, "ताई, भिंत कुठं जात नाही, तुम्ही जा!" शेजारून पोहणाऱ्या एक जर्मन आजी हे सगळं ऐकत जायच्या. एकदा मी बाकाकडे वळताच त्याच ओरडल्या, "तावेल काली!"

बिल्ल्याच्या परीक्षेच्या दिवशी शेंडेकाकू बाकावर होत्या. मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "आमची रेवा लहान होती ना, तेव्हा हे दर शनिवारी इथंच बसायचे, तिचा टॉवेल धरून. तीही अश्शीच ओरडायची, पापा, कोम राईन. हे हसून हात हलवायचे. पुढं पुढं तिनं हाक मारणंच सोडलं. मग ती हॅम्बर्गला शिकायला गेली, आणि हे पाण्यात उतरले."

मी काठावर गेले. पलीकडच्या टोकाला पाण्यात ईरा. "मामा, कोम राईन!"

मारली उडी. पाणी गिळलं, लाथा झाडल्या, मधेच गावच्या ग्रामदेवतेला हाक मारली. आणि एकाएकी समोरची भिंत हाताला लागली.

"एंडलिश!" ईरा किंचाळली. म्हणजे, एकदाची आलीस!

परीक्षेसाठी तळाशी टाकलेली कडीही बुडी मारून काढून दिली, तेव्हा परीक्षक बाईंनी बिल्ला हातात ठेवला. जर्मन आजींनी टाळ्या वाजवल्या. काका काठावर उभे होते. हातात लहान मुलीचा टॉवेल, त्यावरची बदकं विटून गेलेली. तो माझ्या खांद्यावर टाकत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "घ्या. केव्हाचा कोरडा आहे."

आणि लगेच वळून बाकावरच्या एका नव्या बापाकडे निघाले.

आता माझ्याही पोहण्याच्या कपड्यावर समुद्रघोडा आहे. आमच्या घराण्यात पोहणारी पहिली ईरा. दुसरी मी.