फुलांनी दहापर्यंत उघडे राहावे

वनराई हाइट्स सहकारी गृहरचना संस्थेच्या करंज विंगमध्ये, पाण्याच्या टाकीखाली, यंदा फाल्गुन महिन्यात मधमाश्यांनी विनापरवाना वास्तव्य सुरू केले. ही बाब संस्थेचा सचिव या नात्याने मी, श्रीनिवास, कार्यकारी समितीच्या निदर्शनास आणून दिली. आमच्याकडे नवीन राहायला येणाऱ्याला भाडेकरार, पोलीस पडताळणी आणि समितीचे ना-हरकत पत्र लागते. माश्यांकडे यांपैकी काहीही नव्हते. शिवाय एका जागेत इतकी मंडळी राहणे उपविधीत बसत नव्हते.

आमची संस्था कात्रजच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. या जागेवर पूर्वी आंबा, जांभूळ आणि करंजाची राई होती. बिल्डरने ती काढली, पण तिन्ही विंगांना त्या झाडांचीच नावे दिली. त्यामुळे झाडे गेली तरी पत्त्यात शिल्लक आहेत. निसर्गाबद्दल आम्हाला असा जिव्हाळा पहिल्यापासून आहे. यंदा शिमग्याआधीच वैशाखाचे ऊन पडले, टेकडीवर वणवा लागला आणि माश्या खाली उतरल्या. त्यांची अडचण समितीने सहानुभूतीने ऐकून घेतली असती, पण त्यांच्याकडून बैठकीला कोणी उपस्थित राहिले नाही.

बैठकीत हरकत घेतली ती जांभूळ विंगच्या अख्तरबानूंनी. त्या डबे देतात. नवरा गेल्यापासून त्यांचे घर डब्यांवरच चालते. कंपनीत जाणारी मुले, एकटी म्हातारी माणसे, आमचे अध्यक्ष बद्रीनाथसाहेब, आणि बायको लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्यापासून मी, असे सगळे त्यांच्या हातचे जेवतो. गेली काही वर्षे मंडईचा नेम राहिलेला नाही. कधी अवकाळी पावसाने भाजी कुजते, कधी गारा झोडपतात, कधी उन्हाने वाटेतच मान टाकते. आणि उरते तिला भावामुळे हात लावायची सोय नसते. म्हणून बाईंनी जांभूळ आणि आंबा विंगच्या सामाईक गच्चीवर लाल भोपळा, काकडी आणि कारल्याचे वेल लावायची परवानगी मागितली होती. समितीला त्याच सुमारास ‘हवामान-सज्ज संस्था’ या स्पर्धेसाठी हिरव्या गच्चीचे फोटो हवे होते, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली. खोटे कशाला बोलू, मेथीदाण्याच्या फोडणीतली ती भोपळ्याची भाजी खाल्ली की बायको आणखी महिनाभर राहिली तरी चालेल असे वाटे.

बाईंचे म्हणणे एवढेच होते की वेल फुलावर आले आहेत, भोपळे धरेपर्यंत माश्यांना राहू द्या, मग काय करायचे ते करा. भोपळे धरले नाहीत तर माझा डबा बंद पडेल, असेही त्या म्हणाल्या.

बद्रीनाथसाहेब संरक्षण खात्याच्या हिशेब कार्यालयातून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचा डबा आम्हाला प्रियच आहे. पण माशी हा संस्थेचा विषय आहे आणि भोपळा हा तुमचा खासगी विषय आहे. विषयपत्रिकेवर दोन्ही एकत्र आणू नका.”

पोळे काढण्याचा ठराव बहुमताने संमत झाला. काम एका कीटकनियंत्रण कंपनीला दिले.

पोळे काढण्याच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात ‘हवामान बदल आणि आपले ताट’ या विषयावर व्याख्यान होते. ते आधीच ठरले होते. व्याख्यात्या बाईंनी उष्णता, पाऊस, पिके आणि कीटक यांची साखळी फार सोपी करून सांगितली. मधमाशी गेली की ताटातली एकेक वाटी कशी रिकामी होते, याची चित्रे पडद्यावर दाखवली. एसी अठरावर होता, तरी काहींना दरदरून घाम फुटला. बद्रीनाथसाहेबांनी मनःपूर्वक आभार मानले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ दिला आणि शेवटी सूचना केली की उद्या सकाळी करंज विंगचे पोळे काढायचे आहे, सर्वांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. व्याख्यात्या बाई चहा न घेताच गेल्या. घाई असावी.

दुसऱ्या दिवशी कंपनीने चोख काम केले. औषधाचा परिणाम इतका उत्तम, की माश्यांबरोबर फुलपाखरे, भुंगे आणि गच्चीवर येणारा शिंजीर पक्षीसुद्धा दिसेनासा झाला. आम्ही कंपनीशी वर्षभराचा फवारणी करार केला आणि फाटकावर ‘कीटकमुक्त संकुल’ अशी पाटी लावली. शेजारच्या संस्था पाटीचे फोटो काढून नेत होत्या.

पुढे वेल फुलांनी लगडले आणि एकही भोपळा धरला नाही. लिंबाएवढे होत, पिवळे पडत आणि गळत. काकडीचे तेच, कारल्याचे तेच. डब्यात बटाटा येऊ लागला. पहिल्यांदा काचऱ्या, मग रस्सा, मग नुसताच उकडलेला. अख्तरबानू समितीकडे आल्या तेव्हा त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितले. पण आठवडाभर सलग बटाटा खाल्ल्यावर प्रकरण तातडीचे आहे, असे अध्यक्षांचेही मत झाले आणि ‘परागीभवन उपसमिती’ नेमण्यात आली.

काम सोपे होते. नरफुलातला पराग चित्रकलेच्या ब्रशाने उचलायचा आणि मादीफुलाला लावायचा. माशी हे विनावेतन करते म्हणजे त्यात अवघड ते काय असणार? स्वयंसेवकांसाठी रविवारी सकाळी दहा ही वेळ ठरली. पुण्यात रविवारी दहाच्या आत कोणतेही सार्वजनिक कार्य होत नाही. मंडळी पोहे खाऊन, ब्रश घेऊन, गच्चीवर जमली तेव्हा सगळी फुले मिटलेली होती. चौकशी केली असता कळले की भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन तापले की मिटते.

यावर बरीच चर्चा झाली. स्वयंसेवकांनी पहाटे यावे, अशी एक सूचना आली. ती एकमताने फेटाळण्यात आली. अखेर मी मसुदा तयार केला आणि गच्चीच्या दारावर लावला: ‘सभासदांच्या सोयीसाठी सर्व फुलांनी रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा उघडे राहावे. गैरसोय झाल्यास समिती जबाबदार नाही.’

फुलांनी दाद दिली नाही. तेव्हा आंबा विंगच्या प्रज्ञेशने मोबाइल ॲप बनवले. तो आयटी कंपनीत त्याच कामाला आहे. “काका, सिम्पल आहे. फूल ओपन झालं की नोटिफिकेशन जाईल, जो जवळ असेल तो ॲक्सेप्ट करेल,” असे त्याने मला समजावले. ॲप उत्तम चालले. पहाटे सर्वांना सूचना जात आणि सर्व जण ती झोपेतच रद्द करत.

शेवटी अख्तरबानू पोळ्या लाटायचे सोडून स्वतः पहाटे गच्चीवर जाऊ लागल्या, तर नवेच संकट. जांभूळ विंगच्या वेलांना सगळी नरफुलेच. प्रज्ञेशने फोनवर वाचून दाखवले की उष्णता फार वाढली की असे होते. मादीफुले थोडीफार होती ती सावलीतल्या आंबा विंगकडे. बाईंनी इकडचा पराग तिकडे लावला आणि आंबा विंगने हरकत घेतली. पराग जांभूळचा, फूल आंब्याचे, मग भोपळा कोणाचा? पार्किंगच्या वादाचा अनुभव असल्याने समितीने विंगबाह्य परागीभवनास तात्पुरती स्थगिती दिली. प्रत्येक वेलावर मादीफुलांचे प्रमाण निम्मे असावे, असाही ठराव महिला सभासदांच्या आग्रहाने संमत झाला. वेलांना तो कळवण्यात आला.

आता एकच मार्ग होता. माश्या भाड्याने मिळतात, असे कळले. आम्ही दरपत्रके मागवली. सर्वांत कमी दर आमच्याच कीटकनियंत्रण कंपनीचा होता. तिने हा नवा विभाग नुकताच सुरू केला होता आणि धंदा जोरात होता. सोमवारी माश्यांच्या पेट्या आल्या. फाटकावर पाहुण्यांची नोंद घेतात, तशी पेट्यांचीही घेतली. वर्गणी न भरलेल्या सभासदांच्या कुंड्यांवर माश्यांनी बसू नये, अशी अट करारात घालून घेतली. दुपारपर्यंत गच्चीवर इतकी गुणगुण सुरू झाली की अख्तरबानूंनी मला खालून हाक मारून सांगितले, “भाऊ, येत्या शुक्रवारी नाही, पण त्याच्या पुढच्या पंधरवड्यात भोपळा खाऊ घालते.” त्यांना इतके हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. मलाही बरे वाटले.

मंगळवारी त्याच कंपनीची माणसे वार्षिक करारानुसार फवारणीला आली आणि फवारणी करून गेली.

संध्याकाळी गच्चीवर सुपलीभर मेलेल्या माश्या झाडून काढल्या. मी कंपनीला फोन करून जाब विचारला. तिकडच्या माणसाने नम्रपणे सांगितले की दोन्ही कामे करारातच आहेत, दोन्ही वेळेवर झाली आहेत, आणि दोन्हींच्या पावत्यांवर माझीच सही आहे. मी तपासले. सही माझीच होती. कामकाजात कोठेही त्रुटी नव्हती.

बुधवारी अख्तरबानू दारात आल्या. हातात माझा रिकामा डबा होता, घासून पुसून लख्ख केलेला.

“भाऊ, उद्यापासून डबा नाही,” त्या म्हणाल्या. “मंडईची भाजी मला झेपत नाही, आणि रोज बटाटा मला देववत नाही. खडकीला एका कँटीनमध्ये लागलेय. पोळ्या लाटायला.”

मी समितीतर्फे खेद व्यक्त केला. त्या डबा माझ्या हातात देऊन गेल्या. आता त्या अंधार असतानाच बसला जातात, म्हणजे भोपळ्याची फुले उमलतात त्या सुमारास. मला मनापासून वाईट वाटते, आणि दुपारी तर फारच वाटते. बद्रीनाथसाहेब ब्रेड-बटरवर आहेत. समितीने बाईंच्या सेवेबद्दल कृतज्ञतेचा ठराव केला असून तो त्यांना सवडीने पाठवण्यात येईल. ‘हवामान-सज्ज संस्था’ स्पर्धेत आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांना भरगच्च फुललेली आणि माशीविरहित गच्ची फार आवडली.

इतर संस्थांना मार्गदर्शन व्हावे म्हणून मी ही हकीकत लिहून काढली आणि ओळखीच्या चारचौघांना वाचायला दिली. सर्व जण मनमुराद हसले. आमच्या समितीला त्यांनी नावे ठेवली, अख्तरबानूंसाठी हळहळले, आपल्या देशात हे असेच चालायचे म्हणाले. आणि चपला घालता घालता प्रत्येकाने आवाज खाली आणून विचारले, आमच्याही बाल्कनीबाहेर एक पोळे लागलेय, त्या कंपनीचा नंबर मिळेल का?

आपणही इथवर वाचत आलाच आहात, तेव्हा विचारायचा संकोच नको, नंबर देतो. फक्त उन्हाळ्यात त्यांच्याकडे फार गर्दी असते, नोंदणी आधी करा.