मेंढपाळ जातीचा कुत्रा आणि अप्पा

कचेरीत चौतीस वर्षं काढली, पण आपण भरलेला अर्ज एकदाही परत आला नाही, हे हेडक्लार्क अप्पा स्वतःच सांगायचे. थांबवलं नाही तर दोनदा सांगायचे. निवृत्तीनंतर मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, घर खायला उठतं म्हणता ना, मग कुत्रा पाळा." अप्पा म्हणाले, "दिसला गोंडस की उचलला, असं मी करणार नाही. घराला मानवेल ती जात आधी ठरवीन."

प्राणी-आश्रमाचा चार पानी अर्ज आला. तुमच्या राहणीवरून ते कुत्रा ठरवून देणार होते. अप्पांनी चष्मा पुसला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं रकाने धडाधड भरले. घरातली माणसं : दोन. सकाळचं फिरणं : दीड तास. पाहुण्यांची वर्दळ : भरपूर.

आता यात खोटं काही नव्हतं, फक्त ते सगळं गेल्या वर्षीपर्यंतचं होतं. दीड तास फिरायची ती बायको. पाहुणे यायचे तेही तिच्याचकडे. अप्पा आपले पेपर वाचत बसायचे.

अशा गजबजलेल्या घराला शोभेल म्हणून मेंढपाळ जातीचा कुत्रा मिळाला. त्या बिचाऱ्याला दिवसभर हाकायला काहीतरी लागायचं. मेंढ्या नव्हत्या, अप्पा होते. पोटऱ्यांना नाकानं ढुशा देत तो त्यांना खुर्चीतून स्वयंपाकघरात न्यायचा, तिथून गच्चीत, गच्चीतून परत खुर्चीत. अप्पांचे गुडघे बोलायला लागले, पण तक्रार त्यांनी केली नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना जेवायला उठवत होतं.

मग एका दुपारी दार उघडं राहिलं. कुत्र्यानं खालच्या मजल्यावरच्या तीन बायका गोळा केल्या आणि जिन्याखाली अर्धा तास दाटीवाटीनं उभ्या करून ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी आश्रमातल्या बाई चौकशीला हजर.

"अर्जात दोन माणसं आहेत. दुसरं कुठंय?"

"गेली."

"बाजारात?"

"नाही हो. चौदा महिने झाले."

बाईंनी पिशवीतून कोरा अर्ज काढला. अप्पांनी या वेळी फार सावकाश भरला. माणसं : एक. फिरणं : नाही. पाहुण्यांच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबून त्यांनी आडवी रेघ मारली.

बाईंनी वाचलं. "आजोबा, यात कुत्रा बसत नाही. फार तर कासव."

"मी मुद्दाम नव्हतं हो लिहिलं."

"कळतंय मला. पण त्याला पळायला जागा लागते, सोबत माणसं लागतात."

अप्पांनी स्वतःच पट्टा बांधून त्याला आश्रमाच्या गाडीत चढवलं. तो खाली उतरला. पुन्हा चढवलं, पुन्हा उतरला, अप्पांच्या मागे गेला आणि पोटऱ्यांना ढुशा देत त्यांना गाडीकडे हाकायला लागला. अप्पा निमूटपणे चालत गेले आणि त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

"आजोबा," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही नाही."