उभ्या गाडीचा विमा

"गाडीवर झाड पडलं तर?" विमा एजंट मुलीने सहज विचारलं आणि लिफ्टचे तपासनीस पांढरेफटक पडले.

"झाड? कुठलं झाड?"

"कुठलंही, काका. मुक्काम कराल तिथलं. त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं."

एजंट, तपासनीस आणि त्यांची बायको असे तिघं बसले होते ते नव्याकोऱ्या फिरत्या घरात. म्हणजे पलंग, शेगडी, बेसिन आणि घडीचं टेबल असलेली एक लांबलचक गाडी. आणि ती उभी होती इमारतीच्या मागच्या आवारात. तपासनीसांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या होत्या. बाकीचे लोक ज्या लिफ्टमधून गुणगुणत वर जातात, तिच्यात पाय ठेवण्याआधी हे दोरखंडाची चौकशी करत. असा माणूस फिरतं घर घेतो म्हणजे काय! अख्खी इमारत थक्क झाली होती. पण त्यामागे बायको होती. लग्न झाल्यापासून तिला समुद्र बघायचा होता आणि दर वेळी रेल्वेचे रूळ, हॉटेलचे जिने नाहीतर किनाऱ्यावरचा वारा यांपैकी काहीतरी तपासनीसांना धोकादायक वाटलं होतं. शेवटी 'आपलं घरच बरोबर नेऊ' या मुद्द्यावर ते कसेबसे विरघळले. उद्या सकाळी निघायचं होतं. पडदे शिवून झाले होते, डबे भरून झाले होते. राहिला होता फक्त विमा, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

"बरं, गाडी बंद पडली तर ओढून न्यायचं कव्हर?" एजंटने पुढे विचारलं.

"बंद पडते?"

"क्वचित, काका."

"क्वचित काय क्वचित! पडत नसती तर कंपनीने कव्हर काढलं असतं का? काय गं, ऐकतेयस ना?"

बायको ऐकत होती. तिला घाम फुटला होता, पण तो गाडी बंद पडेल म्हणून नव्हे. नवऱ्याचा हा सूर तिच्या ओळखीचा होता. याच सुरात त्यांनी एकदा मेहुण्याच्या लग्नाचा मांडव रिकामा करवला होता.

एजंट बिचारी आपलं काम करत होती. तिने गॅसच्या स्फोटाचं कव्हर सांगितलं, तपासनीसांनी शेगडीपासून अंग चोरलं. चोरीचं सांगितलं, त्यांनी खिडकी लावून घेतली. पायरीवरून पाहुणा घसरला आणि त्याने दावा ठोकला तर, असं ती म्हणाली मात्र, तपासनीस ताडकन उठले आणि डोक्यावरच्या कपाटावर आपटले.

"याचंही कव्हर असेल!" ते डोकं चोळत ओरडले.

"आहे ना," एजंट म्हणाली.

"बाप रे! अहो, यातलं काहीच होणार नाही असा एखादा विमा नाही का?"

एजंट कंटाळली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "गाडी जागची हलवलीच नाही तर होतो. उभ्या गाडीचा. लोक पावसाळ्यात घेतात."

"द्या!"

"अहो!" बायको किंचाळली. "आणि समुद्र?"

"समुद्र कुठे पळून जातोय? आपण इथे आवारातच राहू. पलंग आहे, शेगडी आहे. खिडकीतून पार्किंग दिसतं."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्याच्याशी इतकी वर्षं संसार केला त्या माणसाने आपल्याला पार्किंग दाखवावं! ती उठली, पुढचा पडदा सारून पलीकडे गेली. रडायला गेली असेल, असं तपासनीसांना वाटलं. पुढच्याच क्षणी गाडी थरथरली आणि हळूच पुढे सरकली.

"भूकंप!" तपासनीस टेबलाला बिलगले.

"भूकंप नाही काका, काकू चालवतायत!"

"ती? तिला कुठे येते? अगं, थांबव! तुला गाडी येत नाही!"

"येते," पडद्यापलीकडून आवाज आला. "लायसन्स पण आहे."

"पण कधी शिकलीस?"

"गुरुवारी पोहायला जाते असं सांगायचे ना, तेव्हा. कधी केस ओले दिसले का हो माझे?"

दोरखंडाचा तुटका धागा लांबून ओळखणारा तो माणूस तोंड उघडं टाकून उभा राहिला. गाडी मात्र अलगद वळली, कुंड्या चुकवून फाटकापाशी गेली आणि जराही हिसका न बसता थांबली.

"पुढे रस्ता आहे," बायको म्हणाली. "विम्याशिवाय मी रस्त्यावर नेणार नाही. आणि विमा झाल्याशिवाय इथून हलणार पण नाही. फाटक अडलंय, मागून शेजारी हॉर्न वाजवतायत. काय ते ठरवा."

शेजारी खरोखरच वाजवत होते. तपासनीसांनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

"द्या चालत्या गाडीचा," ते एजंटला म्हणाले. "झाडासकट."

एजंटने लगबगीने फोनवर अर्ज उघडला. "चालक म्हणून कोणाचं नाव घालू?"

"तिचं."

"आणि जायचं कुठे?"

तपासनीस खुर्चीत बसले, पट्टा लावला, ओढून तपासला.

"समुद्र लिहा," ते म्हणाले आणि लगेच दचकले. "नाही, नाही! किनारा. किनारा लिहा."