तुटक रेघ

ओट्यावरून डब्याचं झाकण खणखणत घरंगळलं आणि दुपारची शांतता मोडली. सहा वर्षांची संस्कृती नुसती कूस बदलून झोपली. जयमालानं सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. लेक झोपली की तेवढाच वेळ तिचा. पुढ्यात बारावीच्या वर्गासाठीचा, प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या झाडाचा तक्ता होता. देवमाशाची फांदी माशांपाशी नाही, गायीपाशी कशी जाते, ते तिला उद्या शिकवायचं होतं.

सासरे मात्र जागे झाले. उत्तमराव चष्मा लावून तक्त्यावर वाकले.

"ही फांदी मधीच का थांबली?"

"त्यांचा वंश पुढं चालला नाही, अण्णा. नामशेष."

"आन् ही तुटक रेघ?"

"तिथं पुरावा नाही. नुसता अंदाज."

"झ्याक! भावकीच्या मेळाव्याला आपली वंशावळ अश्शीच काढ. फ्लेक्स करू. छगन्याला कळूदे, आमची सून काय हाय ती!"

जयमालानं हौसेनं काढली. शेंड्याच्या ओळीत नातवंडं, त्यात हळूच संस्कृतीही.

"वंशावळीत पोरी कुठं असत्यात? खोड सगळ्या."

"पण अण्णा, मग आपली..."

"खोड म्हनलं ना!"

तिनं सगळ्या पोरी खोडल्या.

मेळाव्यात फ्लेक्सपुढं गर्दी झाली. चुलतभाऊ छगनरावांची फांदी नातवांनी लगडलेली. उत्तमरावांची मुलापाशी, भागवतपाशी येऊन थांबलेली.

"आण्णा, तुमचं मधीच काय झालं वो?" छगनरावांनी भर मांडवात विचारलं.

त्यांची नात मोनिका जयमालाच्याच वर्गात. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिनं चोख सांगितलं, "आबा, ते नामशेष झाले."

मांडव हसला. आपलंही नाव तिथं नाही, हे मोनिकाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जयमाला, मार्कर दे!" उत्तमराव गरजले.

तिनं झटकन पर्समधून मार्कर काढून दिला. आता लेकीचं नाव लागणार! उत्तमराव खुर्चीवर चढले आणि भागवतच्या डोक्यावरून थेट शेंड्यापर्यंत त्यांनी तुटक रेघ ओढली.

"यील की नातू! जागा धरून ठेवली!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या नजरा जयमालाच्या पोटावर आल्या. पुरावा नाही, नुसता अंदाज. रेघ नियमाला धरूनच होती.

संस्कृतीनं पदर ओढला. "आई, ती रेघ कुणाची?"

"अजून कुणाचीच नाही, बाळा."

"जो न्हाईच, त्याला रेघ हाय," ती फ्लेक्सवर बोट फिरवत म्हणाली. "मी तर हाय की. मग माझी कुठंय?"